ग्राफ

चादरीचे ग्राफ काढतो मी, छत्तीस वर्षं.
चौकटींचा कागद, लाल-हिरवी शिसपेन्सिल,
एक घर म्हणजे एक धागा.
म्हणून बिराजदार मॅडमनी
इसीजीची पट्टी टेबलावर पसरली
तेव्हा मी आधी घरं मोजली.
कागद चांगला होता, गुलाबी, बारीक रेघांचा.
नक्षी मात्र शिकाऊ पोरानं काढल्यासारखी :
एक टोक वर, मग खड्डा,
आणि तिसरं फूल पडायला हवं तिथं
काहीच नाही.

"धाप कधीपासून लागते?"
पूर्व भागात धाप कुणाला नाही, मॅडम?
सुताचा भुसा नाकात घेऊनच थोर झालो आम्ही.
वर्षभर सायकल हातात धरून चालतोय,
लोकांना सांगतो, चेन उतरलीय.

"याआधी काही मोठा आजार?"
"नाही," मी म्हणालो.
सरोजा माझ्याकडे बघत राहिली.
मग तिनं पिशवीतून ती फाईल काढली,
आमच्या लग्नाच्याही आधीची,
कडा उंदरानं खाल्लेली.
मला वाटलं होतं, ती मी बंबात घातली.

तेव्हा सव्वीसचा होतो. मानेत गाठ, अक्रोडाएवढी.
आई आजाराचं नाव घ्यायची नाही, "त्यो" म्हणायची,
जसं काही दाराशी उभा आहे आणि ऐकतोय.
एसटीनं बार्शीला जायचो, खिडकीशी बसून,
मांडीवर प्लास्टिकची पिशवी, ओकारीसाठी.
बाटलीतलं औषध लाल.
लघवीसुद्धा लाल, नॅफ्थॉलचा हात धुतल्यागत.
मग किरणं.
छातीवर जांभळ्या शाईनं चौकट आखली त्या माणसानं,
पट्टी लावून, सरळ.
हाही ग्राफच काढतोय, वाटलं,
आणि जरा धीर आला.

पाच वर्षांनी म्हणाले, आता येऊ नका.
आशीर्वाद दिल्यासारखं म्हणाले.
आईनं मार्कंडेयाच्या देवळात
एकशे एक नारळ फोडले.
यमाला परत पाठवलेला देव आमचा.
पुढं म्हातारपणी तो जिने कसे चढला,
ते मात्र कुणी सांगत नाही.

मॅडम फाईल वाचत होत्या, पुन्हा मागं जात.
"दरवर्षी इको करा, असं कुणी सांगितलं नव्हतं?"
नाही.
"औषधानं वाचवलं तुम्हाला.
पण हृदय त्याच्या रस्त्यात होतं.
किरणांच्याही."
एवढंच बोलल्या. आवाज खाली ठेवून.

जकार्डच्या पत्त्यात एक भोक चुकलं
तर मागावर ध्यानात येत नाही.
मालक गठ्ठे बांधतो, लॉरी निघते,
कुठल्यातरी दुकानात, कुठल्यातरी गावी
गिऱ्हाईक उन्हात घडी उलगडतं
आणि विचारतं, हे मोराच्या गळ्याशी काय झालंय?
मी मॅडमना हे सांगायला गेलो,
आणि निम्म्यात थांबलो.
कारण हे भोक चुकून पडलेलं नव्हतं.
ते पाडलं नसतं तर
सरोजा नसती, दोन पोरी नसत्या,
मोर तर नसताच नसता.

आईच्या तेलुगूत काळजाला गुंडे म्हणतात.
मराठीत गुंडे म्हटलं की लोक शटर खाली ओढतात.
तीस वर्षं मी मानेवरून हात फिरवत आलो,
रोज सकाळी, दाढी करताना, गाठ शोधत.
पहारा मानेवर होता.
खाली दोन वितींवर जे चाललं होतं
तिकडं कोण बघणार?

चार गोळ्या दिल्यात. मीठ कमी.
शेंगाचटणीवर सरोजाची नजर.
जिना एका दमात नाही.
रात्री दिवा लावून
मी पट्टी पाटावर घेतली, पेन्सिलीला टोक केलं,
आणि जिथं ते तिसरं फूल नव्हतं
तिथं घरं मोजून काढलं, हलक्या हातानं.
बरं दिसत होतं.

"खोडा ते," सरोजा म्हणाली,
"रिपोर्ट खराब करू नका वं.
बुधवारी परत दाखवायचाय."